जुन्या मोटारसायकलीत काय बदलावे

जुन्या मोटारसायकलीत सुधारणा करायच्या असे एकदा मनाने घेतले की पहिली यादी बहुधा डोळ्यांनीच तयार होते. वेगळा सायलेन्सर, मागे रुंद टायर, एलईडी हेडलाइट, बसके हँडल, नव्या शिवणीची सीट. त्यात वावगे काही नाही, कारण गाडी आपल्याला मुळात आवडलेली असते ती दिसण्यावरूनच. मात्र या यादीतल्या एकाही ओळीवरून गाडी चालवताना नेमके काय खुपते ते कळत नाही. म्हणून मी शेजारी दुसरी यादी करायला घेतली आणि तिला एकच नियम लावला, की तीत कोणत्याही सुट्या भागाचे नाव येता कामा नये. ‘पुढचे शॉकअप बदलायचे’ असे लिहायचे नाही, ‘वळणाआधी ब्रेक लावला की गाडी पुढून एकदम खाली बसते’ असे लिहायचे. भागाचे नाव लिहिले की उपाय आधीच ठरून जातो आणि दुखणे कशाचे होते ही चौकशी मागे पडते. उलट तक्रार साध्या शब्दांत मांडली की तिची चार-पाच संभाव्य कारणे समोर येतात, आणि त्यांतली बरीचशी दूर करायला आश्चर्य वाटावे इतका कमी खर्च लागतो.

माझी मोटारसायकल एका सिलिंडरची आणि कार्बोरेटरची आहे. चाके स्पोकची, पुढे एक डिस्क, मागे ड्रम आणि मागच्या बाजूला दोन शॉकअप. या रचनेत विशेष काही नाही, आणि तेच सोयीचे आहे, कारण अशा गाडीची दुखणी सर्वत्र सारखीच असतात. दुसऱ्या यादीतल्या तक्रारी एकेक करून तपासायला लागल्यावर दिसले ते असे की त्यांतल्या बहुतेक तक्रारी गाडीच्या रचनेबद्दल नव्हत्याच, त्या तिच्या वयाबद्दल होत्या. रबर कडक होते, स्प्रिंगा बसतात, ग्रीस सुकते, तेलाचा दाटपणा जातो, तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, केबलच्या आतली तार एकेक धागा सोडत जाते. हे सारे इतक्या सावकाश होते की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. आपण जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण ती नवी असताना कशी चालत होती हे आपल्याला ठाऊकच नसते. आपण तिची तुलना आजच्या गाड्यांशी करतो आणि ती कमी पडते असे ठरवतो. खरे तर पहिली तुलना तिची तिच्याशीच व्हायला हवी, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाच्या तिच्याशी.

ही तुलना करण्याचे साधन म्हणजे त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. जुन्या गाडीवर होणाऱ्या सगळ्या खर्चात या एका वस्तूइतकी वसुली दुसऱ्या कशाचीच होत नाही, असे माझे मत आहे. त्यात बहुतेक भागांसमोर दोन आकडे असतात, नव्या भागाचे माप आणि ज्याच्या पलीकडे तो भाग वापरू नये ती मर्यादा. ब्रेकच्या डिस्कची जाडी, फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, स्प्रिंगची मोकळी लांबी, टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट, फोर्कमधल्या तेलाचे प्रमाण, वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या कॉइलचा रोध, हे सारे तिथे मिळते. व्हर्निअर कॅलिपर आणि मल्टिमीटर हाती घेऊन ही मापे एकदा घेतली की गाडीविषयीच्या पुष्कळ चर्चा आपोआप मिटतात, कारण मग भाग थकला आहे की नाही हे कोणाच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही.

माझा क्रम त्यामुळे असा ठरला की आधी गाडी थांबावी, मग ती रस्त्याला धरून राहावी, मग रात्री दिसावे, आणि जास्त पळावे हा विचार सर्वांत शेवटी. या क्रमात टायर सर्वांच्या आधी येतात. ब्रेक कितीही चांगला असला तरी चाक जमिनीला जेवढे धरते त्याहून अधिक तो थांबवू शकत नाही, आणि फोर्क कितीही उत्तम असला तरी त्याचे काम शेवटी तळहाताएवढ्या रबराच्या पट्ट्यावरच येऊन टेकते. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे छापलेले असतात. २००० सालापासूनच्या टायरवर त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कमी चालवलेल्या जुन्या गाडीवर नक्षी भरपूर शिल्लक आणि टायर मात्र दहा वर्षांचा, अशी स्थिती नेहमी आढळते. अशा टायरचे रबर नखाने दाबून पाहिले तरी त्याचा कडकपणा जाणवतो, आणि ओल्या रस्त्यावर तर तो जाणवून घेण्याची वेळच येऊ नये.

टायरच्या बाबतीत जुन्या गाडीच्या मालकाचे एक भाग्य आहे. इंजिन किंवा चौकट नव्या काळात आणता येत नाही. टायर मात्र आणता येतो, कारण मोटारसायकलीच्या सर्व भागांत रबराच्या मिश्रणांनी केलेली प्रगती अशी आहे की ती जुन्याच मापात विकत मिळते. जुन्या पद्धतीत इंचांत लिहिलेल्या मापांना आजच्या मिलिमीटरच्या पद्धतीत जवळची मापे असतात. उदाहरणार्थ, ३.२५–१९ या जागी साधारणपणे ९०/९०–१९ बसतो. अडचण येते ती मागचा टायर दोन मापे रुंद घेण्याच्या मोहात. मूळ अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, त्याचा गोलवा टोकदार होतो आणि जमिनीला टेकणारा भाग वाढण्याऐवजी आकाराने बिघडतो. गाडी वळणात झुकायला आळस करू लागते आणि चेन किंवा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी हलती दांडी) यांच्याशी टायरचे अंतर धोकादायक इतके कमी होते. नव्या टायरसोबत ट्यूब, रिमची पट्टी आणि चाकाचे बेअरिंग हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण चाक एवीतेवी खाली उतरलेलेच असते.

ब्रेकच्या तक्रारीत माझ्या यादीवर लिहिले होते की लिव्हर मऊ लागतो आणि लांब उतारावर तो हँडलच्या जवळ येत जातो. हे वाचून कोणीही मोठ्या डिस्कचा विचार करील. परंतु ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी ते प्रमाणात बसते. उतारावर ब्रेक तापत राहिला, तेलातल्या पाण्याची वाफ झाली, की ती वाफ दाबली जाते, पॅड दाबले जात नाहीत आणि लिव्हर मऊ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे, असा सल्ला दिला जातो. एकाच प्रकारातल्या तेलांत डॉट ५.१ अधिक उष्णता सहन करते आणि डॉट ४ च्या जागी चालते. पण डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे तेल आहे आणि ते यांच्यात मिसळायचे नसते. आकडे इतके जवळचे असताना पदार्थ इतके वेगळे ठेवावेत, हे कोणाच्या सोयीचे होते कोण जाणे.

तेलानंतर येते ती मूळची रबरी नळी. ती वयाबरोबर दाबाखाली फुगू लागते आणि बोटांचा थोडा जोर ती फुगवण्यातच जातो. तिच्या जागी आतून टेफ्लॉनची आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या विणीची नळी बसवली की लिव्हरला एक नेमकेपणा येतो. ही सुधारणा खरी आहे, खर्च मध्यम आहे आणि ती करताना गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर भार वाढत नाही, म्हणून ती मी पहिल्या पंक्तीत बसवतो. त्याच बैठकीत ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, उघडून पिस्टन आणि सील तपासावेत आणि डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहावी. मागच्या ड्रमच्या बाबतीत एक साधी गोष्ट विसरली जाते. ब्रेक पूर्ण लागलेला असताना ड्रममधले शू पसरवणाऱ्या कॅमची दांडी आणि तिला ओढणारा रॉड यांच्यामध्ये काटकोनाच्या जवळचा कोन असावा लागतो. शू झिजले की ॲडजस्टर आवळत नेला जातो, कोन बिघडतो, आणि त्याच पायाच्या जोराने कमी काम होते.

मोठी डिस्क, दुसरी डिस्क, दुसऱ्या गाडीचा अख्खा फोर्क या पुढच्या पायऱ्या आहेत आणि त्यांवर चढण्यापूर्वी थोडे गणित करावे लागते. लिव्हरपाशी तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास आणि कॅलिपरच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ यांचे प्रमाण बिघडले तर एक तर लिव्हर लाकडासारखा कडक होतो आणि जोर भरपूर लावूनही गाडी थांबत नाही, किंवा तो हँडलला जाऊन टेकतो. एका डिस्कसाठी बनवलेला मास्टर सिलिंडर दोन कॅलिपरना पुरेसे तेल ढकलू शकत नाही. शिवाय, ब्रेक जितका प्रखर तितका फोर्क जोरात दबतो, म्हणजे एक तक्रार मिटवताना दुसरी वाढवली जाते. १९६९ मध्ये होंडाच्या सीबी७५० वर पुढे हायड्रॉलिक डिस्क आली, आणि त्या वेळच्या जगातल्या अत्यंत वेगवान गाड्यांपैकी एक असूनही तिला पुढे एकच डिस्क होती. दुसऱ्या टोकाला, यामाहाने एसआर४०० वरची पुढची डिस्क १९८५ मध्ये काढून तिथे ड्रम बसवला, जुने रूप हवे म्हणून, आणि पुढे २००१ मध्ये पुन्हा डिस्क दिली. कारखान्यालाही नवे ते चांगले असे सरळ उत्तर सापडत नाही, हे पाहून मला थोडा धीर येतो. माझ्या गाडीच्या वेगाला आणि वजनाला तिची एक डिस्क पुरते, अट एवढीच की ती डिस्क, तिचे तेल आणि तिची नळी आपापले काम नीट करत असावीत.

आता फोर्क. जुन्या गाड्यांत सर्वाधिक सुधारणेला वाव इथेच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि गंमत म्हणजे सजावटीच्या यादीत हा विषय क्वचितच येतो, कारण नळीच्या आत काय बदलले ते बाहेरून कोणालाच दिसत नाही.

पहिला प्रश्न स्प्रिंगचा. गाडी आपल्या वजनाखाली किती दबते हे मोजायला एक मदतनीस आणि प्लास्टिकची एक बारीक पट्टी पुरते. फोर्कच्या आतल्या चकचकीत नळीवर ती पट्टी बांधायची, पुढचे चाक जमिनीवरून उचलून फोर्क पूर्ण लांब होऊ द्यायचा, ते माप घ्यायचे, मग नेहमीच्या पेहरावात गाडीवर बसून मदतनिसाकडून दुसरे माप घ्यायचे. दोहोंतला फरक फोर्कच्या एकूण चालीच्या ३० टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे चाल १२० मिलिमीटर असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर. जुन्या गाडीत हा आकडा बहुधा त्याहून बराच मोठा येतो, आणि तो मोठा असला की अर्धी चाल उभ्या उभ्याच संपलेली असते. मग ब्रेक लावला की उरलेली संपते आणि पुढचा खड्डा घ्यायला काहीच शिल्लक राहत नाही. स्प्रिंगच्या वर जाड वॉशर किंवा लांब नळकांडे घालून दबलेली उंची परत मिळवता येते. त्याने बसण्याची उंची सुधारते, पण स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. चालवणाऱ्याचे वजन स्प्रिंगच्या मानाने जास्त असेल तर अधिक कडक स्प्रिंग हाच खरा उपाय.

दुसरा प्रश्न तेलाचा, आणि इथे सर्वत्र एकच घरगुती तोडगा सुचवला जातो: पुढून गाडी मऊ वाटते ना, मग जाड तेल घाला. हा तोडगा का फसतो हे समजून घेण्यासाठी जुन्या फोर्कच्या आत काय चालते ते पाहावे लागते. त्या काळच्या बहुतेक फोर्कांत एक पोकळ दांडी असते, तिला ठरावीक भोके असतात, आणि फोर्क दबताना व सुटताना तेल त्या भोकांतून जबरीने जाते. ठरावीक भोकातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हालचालीचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. ब्रेक लावताना फोर्क सावकाश दबतो, त्या वेळी विरोध जवळजवळ नसतोच आणि गाडी पुढून बुडते. खड्ड्याच्या धारदार कडेवर मात्र चाक एकदम वर फेकले जाते, आणि त्या क्षणी तेलाला भोकांतून निघायला जागाच पुरत नाही, म्हणून तोच मऊ फोर्क हातांना हिसका देतो. मऊही आणि कडकही, हा जो विरोधाभास जुन्या गाडीच्या मालकांना चकित करतो, त्याचे मूळ इथे आहे. जाड तेलाने बुडणे थोडे कमी होते, पण खड्ड्यातला हिसका त्याहून अधिक वाढतो. तेलाच्या बाटलीवरचा आकडा सर्व कंपन्यांत एकाच दाटपणाचा निदर्शक नसतो, ही आणखी एक गुंतागुंत. एका कंपनीचे १० नंबरचे तेल दुसरीच्या १५ नंबरइतके दाट निघू शकते.

या दांडीच्या डोक्यावर बसणारा एक लहानसा व्हॉल्व्ह मिळतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. तो बसवताना दांडीची भोके मोठी केली जातात, आणि दबण्याचा विरोध मग भोकांऐवजी स्प्रिंगने दाबून धरलेल्या व्हॉल्व्हवर सोपवला जातो, जो सावकाश हालचालीत बंद राहतो आणि धक्क्यात उघडतो. जुन्या फोर्कला त्याच्या पुढच्या पिढीच्या वागणुकीजवळ नेणारी ही जोडणी आहे आणि योग्य स्प्रिंगसोबत ती बसवली तर गाडीचे वय पुढच्या टोकाला तरी विसरायला होते. अडचण एवढीच की मोठी केलेली भोके पुन्हा बुजवता येत नाहीत. म्हणून ज्याला मूळ स्थिती जपायची आहे त्याने दांड्यांचा एक जुना जोड वेगळा मिळवून काम त्याच्यावर करावे. मी आधी स्प्रिंग आणि ताजे तेल इतकेच केले आणि फरक इतका पडला की व्हॉल्व्हची निकड उरली नाही. तो यादीवर आहे, पण बराच खाली.

फोर्क सुधारला की त्याच्या आजूबाजूचे भाग बोलू लागतात. हँडलच्या मानेतला कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, हा त्यांतला पहिला. वर्षानुवर्षे गाडी सरळच चाललेली असल्याने त्यातल्या गोळ्या एकाच जागी ठोकल्या जातात आणि वाटीत बारीक खळगे पडतात. चाक उचलून हँडल सावकाश फिरवले की अगदी मधोमध ते किंचित अडकते, आणि चालत्या गाडीत हाच अडकाव सरळ रस्त्यावरच्या बारीक झुलण्याच्या रूपाने दिसतो. तिथे तिरप्या रोलरचे बेअरिंग बसवणे ही पूर्ण समाधान देणारी सुधारणा आहे, कारण त्यात भार ठिपक्यांऐवजी रेषांवर वाटला जातो. फक्त जुन्या वाट्या काढताना संयम लागतो आणि ताण किती द्यायचा हे पुन्हा शिकावे लागते. स्विंगआर्मचे बुश झिजले असतील तर वळणात मागचा भाग स्वतंत्र विचार करू लागतो, आणि अनेकदा त्याचा दोष बिचाऱ्या मागच्या शॉकअपवर येतो.

रात्री दिसत नाही, ही तक्रार मी सर्वांत तपशिलात लिहिली होती, आणि तिचे उत्तर सर्वांत अनपेक्षित निघाले. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळजवळ ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे बल्बला १३.५ व्होल्टऐवजी १२ व्होल्टच मिळाले तर व्होल्टेज नवव्या हिश्शाने घटते, पण प्रकाश तिसऱ्या हिश्शाने जातो. ६० वॉटचा बल्ब सुमारे ५ अँपिअर ओढतो. जुन्या गाडीत हा सगळा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून, हँडलवरच्या स्विचमधून आणि अरुंद तारांतून फिरून येतो, आणि वाटेत कुठे ०.२ ओहमचा रोध साचला तरी १ व्होल्ट तिथेच संपतो. तपास सोपा आहे: इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून हेडलाइट लावावा, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे, मग बल्बच्या सॉकेटमध्ये मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर दोष बल्बचा नाही. जोड साफ करणे, अर्थची तार चौकटीच्या उघड्या धातूवर नीट आवळणे, आणि बॅटरीपासून फ्यूजमधून रिलेमार्गे (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्गे) बल्बपर्यंत जाड तार थेट नेणे, एवढ्यावर जुना हेडलाइट त्याच्या हक्काचा प्रकाश देऊ लागतो. मग जुना स्विच रिले चालवण्यापुरता नाममात्र प्रवाह वाहतो आणि त्याचेही आयुष्य वाढते.

जुन्या परावर्तकात थेट एलईडीचा बल्ब खोचण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. परावर्तकाचा आकार एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून थोडा जरी हलला किंवा आकाराने वेगळा झाला की झोत विस्कटतो, जवळचा रस्ता पांढरा फटक दिसतो, दूरचे काही दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. एलईडीच हवा असेल तर तिच्यासाठीच बनलेला पूर्ण हेडलाइट, काचेसह, घ्यावा. तिचा खरा फायदा विजेच्या बचतीत आहे. जुन्या अल्टरनेटरची क्षमता बेताची असते, आणि गरम होणाऱ्या मुठी, फोनचा चार्जर किंवा जादा दिवे जोडण्यापूर्वी सगळ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज त्या क्षमतेशी लावून पाहणे भाग असते. बॅटरीवर इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. ते १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलण्याचे काम इतर सर्व विद्युत सुधारणांच्या आधी करावे, कारण असा रेग्युलेटर नवी बॅटरी आणि नवे बल्ब दोन्ही खातो. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळत असेल तर तीही मला पटते. तिने ताकद फारशी वाढत नाही, पण एकदा लावलेले टायमिंग झिजेने सरकत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ज्यासाठी लोक सर्वाधिक खर्च करतात तिथे मिळकत सर्वांत कमी आहे. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे इंजिनाची शक्ती १० टक्के वाढवली तरी सर्वोच्च वेग जेमतेम ३ टक्के वाढतो. मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावला की कार्बोरेटरचे जेट, म्हणजे इंधन मापून सोडणारी भोके, बदलणे आलेच, आणि मूळ एअरबॉक्स ही नुसती धूळ गाळणारी पेटी नसून मधल्या गतीत इंजिनाला हवा सुरळीत मिळावी म्हणून मापून बनवलेली असते. ती काढल्यावर टोकाला थोडे मिळते आणि रोजच्या वापराच्या गतीत जाते. शेजाऱ्यांना जे ऐकावे लागते ते वेगळेच. टॅपेटची फट, कॉम्प्रेशन, कार्बोरेटरची सफाई, इन्टेकच्या रबराच्या भेगा आणि क्लच केबल एवढे नीट केले तर बहुतेक जुन्या इंजिनांत हरवलेली ताकद परत येते, आणि ती मूळचीच असल्यामुळे तिच्यासाठी दुसरे काही बदलावे लागत नाही. चढावर गाडी दमते अशी तक्रार असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करून पाहावा: १५ ऐवजी १४ केला की ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्याच वेगाला इंजिन तेवढेच जास्त फिरते, आणि आवडले नाही तर जुने स्प्रॉकेट परत बसवता येते. एवढ्या कमी खर्चात उलटवता येणारा दुसरा बदल माझ्या माहितीत नाही.

उलटवता येणे ही माझ्या दृष्टीने मोठी कसोटी आहे. चौकटीला वेल्डिंग, मागचा भाग कापणे, तारांचा मूळ जुडगा तोडणे या गोष्टी एकदा केल्या की परतीची वाट बंद होते. याउलट जो बदल चार बोल्टांनी बसतो तो चार बोल्टांनी निघतो. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, नाव लिहून ठेवतो. पुढे गाडी विकायची झाली तर सुधारणांवर केलेला खर्च किमतीत क्वचितच परत येतो, पण मूळ भागांची भरलेली पेटी पाहून घेणाऱ्याचा चेहरा बदलतो. सुटा भाग निवडतानाही मी हाच विचार करतो, की या भागाचे सील, पॅड, केबल दहा वर्षांनी मिळतील का. मोठ्या संख्येने बनलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा जसाच्या तसा बसणारा भाग अनेकदा खास बनवलेल्या चकचकीत भागाहून शहाणपणाचा ठरतो. चौकट, इंजिन, हेडलाइट, सायलेन्सर यांतले बदल नोंदणीच्या कागदपत्रांना आणि विम्याला धरून आहेत की नाहीत, हे त्या त्या ठिकाणच्या नियमांत आधीच पाहून घ्यावे. अपघातानंतर ते पाहायला दुसरे कोणी बसलेले असते.

एका वेळी एकच बदल, हा नियम पाळायला सर्वांत कठीण गेला. गाडी उघडलेली असते, भाग आलेले असतात, हात आधीच काळे झालेले असतात, आणि सगळे एकदम करून टाकावेसे वाटते. पण नवे टायर, नवी स्प्रिंग आणि नवे हँडल एकाच दिवशी बसवले आणि गाडी झुलू लागली, तर कोणाकडे बोट दाखवायचे? प्रत्येक बदलानंतर त्याच ओळखीच्या रस्त्यावर काही दिवस चालवून तक्रारींची यादी पुन्हा वाचली की कधी कधी न केलेल्या कामाची तक्रारही मिटलेली सापडते. माझ्या यादीत मागचा भाग उड्या मारतो असे होते, आणि ती तक्रार पुढचा फोर्क आणि टायर बदलल्यावर निम्म्याने कमी झाली. यादी उलट लांबतच चालली असेल, तिला अधिक शक्ती, अधिक वेग, दोघांसाठी आरामशीर लांबचा प्रवास असे सारे हवे असेल, तर ती यादी दुसऱ्या मोटारसायकलीची आहे असे समजून ती त्या गाडीच्या शोधात वापरावी आणि या गाडीला तिच्या वाट्याचे काम करू द्यावे.

माझ्याकडे आता मागचे दोन शॉकअप उरले आहेत. ते उघडून दुरुस्त होत नाहीत, तेल सुटले आहे, आणि नवे घेण्यावाचून गत्यंतर नाही. बाजारात जे सर्वांत देखणे मिळतात ते मूळ मापापेक्षा १० मिलिमीटर लांब आहेत. त्यांनी मागची बाजू वर उचलली जाईल, फोर्कचा कल साधारण अर्ध्या अंशाने उभा होईल, आणि पुढच्या चाकाला सरळ धरून ठेवणारा ट्रेल तीनेक मिलिमीटरने घटेल. वळणात चपळाई येईल, हे खरे. पण मला ही गाडी मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून जाण्यासाठी हवी आहे, आणि तो स्थिरपणा तिच्यात मुळातच आहे. म्हणून वरच्या आणि खालच्या डोळ्यांमधले अंतर, बुशांचा व्यास आणि माझ्या वजनाला जुळणारी स्प्रिंग, ही तीन मापे लिहून मी साध्या काळ्या रंगाच्या जोडीची मागणी नोंदवली आहे.